गंधकाच्या पाण्यातली बॅच

गुणवंत पाष्टे तांब्याची पावडर भाजायचा. काय काम करतोस असं गावाकडे कुणी विचारलं की तो एवढंच सांगायचा, आणि ऐकणारा हसायचा. भाजायचा तो रवा, भाजायचे ते शेंगदाणे. तांबं कुणी भाजतं का?

पण ते खरोखर भाजणंच होतं. रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यांच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे धातूच्या पावडरीला रंग द्यायचे. मिठाईच्या खोक्यावरची सोनेरी अक्षरं, अत्तराच्या डब्यावरची नक्षी, बंगल्याच्या फाटकाला लावतात तो सोनेरी रंग, या सगळ्यात जी चमक असते ती तांब्या-पितळेच्या कुटून पापुद्र्यासारख्या केलेल्या कणांची. गिरणीतून पावडर बाहेर येते तेव्हा तिचा एकच रंग असतो. पुढचे सगळे रंग माणसाला आणावे लागतात. ते आणणारा हात गुणवंतचा.

त्याच हातून एक माणूस गेला. गेलेल्या माणसाच्या आईला ते सांगायला गुणवंतला पाच वर्षं लागली. त्याची ही हकीकत.

तो १९९१ साली आला. दाभोळच्या खाडीच्या अलीकडच्या एका वाडीतला, शिक्षण सातवी. बायको नर्मदा आणि मुलगी संजना गावी. पहिली दोन वर्षं त्यानं पिंपं ढकलली. मग कढईवर उभं राहायला मिळालं. तीन फूट रुंदीची लोखंडी कढई, खाली गॅसची शेगडी. एका घाण्याला आठ किलो पावडर, तिच्यात जवसाच्या तेलाचे मोजके थेंब. उलथनं हातात घेतलं की पंधरा मिनिटं थांबायचं नाही. हात थांबला की तळाची पावडर पुढे जाते आणि वरची मागे राहते, आणि मग सगळा घाणा डागाळतो. तांबं तापलं की आधी पिवळटतं, मग नारिंगी होतं, मग किरमिजी, मग जांभळं. जांभळ्याच्या पुढचा निळा कधी आला ते कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो आणि कढईत काळपट राख दिसते.

हवा तो रंग दिसल्यावर कढई उतरवली तर उशीर झाला. गरम लोखंड पावडरीला आणखी पुढे नेतं. रंग दिसायच्या आधी उतरवायची आणि पसरट थाळ्यात ओतायची. किती आधी, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. गुणवंतला ते कळायचं. कंपनीचा केमिस्ट निनाद साहेब पुण्याचा, एमएससी झालेला. तो घड्याळ लावून उभा राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "गुणवंत, थर्मामीटर फेल आहे यार. तूच सांग, यल्ला, चला उतरवा, कधी म्हणायचं."

असं चार वेळा ऐकल्यावर माणसाला आपल्या हाताचं कौतुक वाटायला लागतं. गुणवंतलाही वाटायला लागलं.

नूरुद्दीन परकार १९९४ साली आला. खाडीच्या पलीकडचा, वय चोवीस. गुणवंत त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. दोघांची गावं होडीनं वीस मिनिटांच्या अंतरावर, पण ओळख झाली ती समुद्रापलीकडे, कामगारांच्या कॅम्पच्या नळावर. गुणवंत कुणाशी तरी बोलत होता. मागून आवाज आला, "आमच्या खाडीपलीकडचा हायस ना? तुमच्याकडचे लोक बोलताना पण काटकसर करतात." त्या दिवसापासून दोघांची खाट शेजारी आणि जेवण एकत्र. भात नूरुद्दीन लावायचा, मासळीचं कालवण गुणवंत करायचा.

नूरुद्दीनचं काम शेडच्या दुसऱ्या टोकाला, ओल्या रंगाच्या टाकीवर. 'अँटिक ब्राउन' नावाचा एक रंग होता, जुन्या पितळी भांड्यासारखा तपकिरी. तो आगीनं येत नाही. त्याला गंधकाचं पाणी लागतं. पिवळट खडे पाण्यात विरघळवायचे, वर साबणानं धुतलेली पावडर सोडायची आणि लाकडी वल्ह्यानं ढवळायची. चार मिनिटांत तपकिरी. लगेच साध्या पाण्याची भर घालून पावडर तळाशी बसवायची, गंधकाचं पाणी सोडून द्यायचं आणि तीनदा धुवायचं. पाचव्या मिनिटाला चॉकलेटी, दहाव्याला काळी. टाकी बसवली होती जमिनीत खणलेल्या खड्ड्यात. काठ वर हातभर दिसायचा. निचऱ्याचा कॉक तळाशी, म्हणून प्रत्येक बॅचला चार पायऱ्या खाली उतरावं लागायचं. टाकीला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. नूरुद्दीन म्हणायचा, "मास्तर, तुझी कढई म्हणजे हॉटेल. माझी टाकी म्हणजे हॉटेलच्या मागची गल्ली."

नूरुद्दीन विचारल्याशिवाय काही करत नसे. वल्हं कुठे ठेवू, पाणी आता सोडू का, साहेब कुठे आहे. गुणवंत वैतागायचा. "नूर्‍या, शिंक आली तरी परवानगी काढशील."

"काढीन. कोण सांगतो, शिंकेनं बॅच बिघडली तर?"

१९९६ च्या उन्हाळ्यात गुणवंतचा एक घाणा पुढे गेला. निमित्त काहीही असेल, हात दहा सेकंद चुकला. किरमिजी हवा होता, कढईत काळपट तपकिरी उभा राहिला. नूरुद्दीन येऊन बघून गेला. "मास्तर, कॉफी झाली."

गुणवंत हसला नाही. घाणा थाळ्यात ओतून तो बसून राहिला. मग त्याला घरचा हंडा आठवला. चुलीवर काळा झालेला तांब्याचा हंडा नर्मदा आमसुलानं घासायची, आणि दोन हातांत लालबुंद करायची. तो उठला. "नूर्‍या, तुझ्या आईनं दिलेला आगळ किती उरलाय?"

आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला दाट रस. नूरुद्दीनच्या आईनं, मरियमबीनं, सुट्टीहून येताना त्याला दोन बाटल्या दिल्या होत्या. कालवणाला लागायचा. नूरुद्दीनचा चेहरा पडला. "तो खायचा हाय." तरी त्यानं अर्धी बाटली आणून दिली, आणि आधी निनाद साहेबाला विचारून आला. साहेब म्हणाला, ट्राय करा, तसाही घाणा गेलेलाच आहे. बादलीभर पाण्यात आगळ टाकला, काळी पावडर सोडली आणि हातानं ढवळली. दहा मिनिटांत तळाशी तांबं असं लाल झालं की शेड बघायला आली. चारदा धुतली, वाळवली, पुन्हा भाजली. किरमिजी जसा हवा तसा.

"गुणवंत, याचं पेटंट घे," साहेब म्हणाला.

नूरुद्दीननं घरी पत्र लिहिलं, आणि मरियमबीनं गावच्या एका माणसाबरोबर पाच-पाच लिटरचे दोन कॅन पाठवले. पत्रात तिनं लिहून घेतलं होतं की आपला आगळ दुबईच्या कारखान्यात जातो असं मी सगळ्यांना सांगते. रास अल खैमा म्हणजे दुबई नव्हे हे तिला कुणी सांगायला गेलं नाही. तिला एकच मुलगा आणि एक मुलगी. मुलगी जैनब लग्न होऊन शारजाला आलेली. घरी ती एकटी, आणि अंगणात रातांब्याची तीन झाडं.

मार्च १९९७ मध्ये एका गुरुवारी दुपारी ती बॅच झाली. शंभर किलो अँटिक ब्राउन, शनिवारी सकाळी जहाजावर चढायचा होता. नूरुद्दीननं पावडर सोडली, चार मिनिटं मोजली आणि पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला. पाणी नाही. शेडला पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर आलेला नव्हता. वरची टाकी कोरडी. गंधकाचं पाणी सोडून द्यावं तर ओली पावडर त्याच्याबरोबर निचऱ्यात जाणार, कारण ती बसायला साध्या पाण्याची भर लागते. नूरुद्दीननं गुणवंतला हाक मारली. गुणवंत येईपर्यंत बॅच चॉकलेटी झाली होती. दोघं वल्हं हातात घेऊन बघत राहिले आणि ती काळी झाली.

निनाद साहेब दुबईला गिऱ्हाइकाकडे गेलेला. फोरमन फाटकावर टँकरवाल्याला फोन लावत होता.

"आगळ आण," गुणवंत म्हणाला.

"मास्तर, साहेबाला विचारूया. ऑफिसातून फोन लागेल."

"काय विचारायचंय? मागच्या वेळी डोळ्यांनी बघितलंस ना?"

"तो कढईतला माल होता. यात अजून गंधकाचं पाणी हाय."

"काळं ते काळं. जा, दोन्ही कॅन आण."

कढईतला काळा वेगळा आणि गंधकाच्या पाण्यातला काळा वेगळा. कढईतल्या काळ्यावर आंबट टाकलं तर तांबं स्वच्छ होतं. गंधकाच्या पाण्यात आंबट टाकलं तर त्यातून विषारी वायू निघतो. हे शाळेतल्या पुस्तकात असतं. गुणवंतची शाळा सातवीत संपली होती, पण तेही कारण पुरेसं नाही. सहा वर्षं त्या टाकीशेजारी काम केलेल्या माणसानं थांबून विचार करायला एक मिनिट लागलं असतं. त्यानं ते मिनिट दिलं नाही. आपल्या हाताला सगळं कळतं असं त्याला वाटत होतं.

नूरुद्दीननं कॅन आणले. ओतले गुणवंतनं. एक पूर्ण, दुसरा अर्धा. पाणी दुधासारखं पांढुरलं आणि वास आला. नेहमीचाच, पण दसपट. दोघं नाकाला फडकं धरून दाराशी गेले. पाचेक मिनिटांनी गुणवंत परत काठाशी आला, वाकला आणि हुंगून बघितलं. वास नव्हता. डोकं जरा जड झालं होतं, ते उन्हानं असेल असं त्याला वाटलं.

"वास गेला," तो म्हणाला. "उतर. कॉक थोडा उघड, गाळणीला फडकं लाव. पाणी हळूहळू जाऊ दे."

"उतरू?"

"उतर म्हटलं ना."

नूरुद्दीन उतरला. त्याच वेळी बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गुणवंत धावत फाटकाकडे गेला, ड्रायव्हरला नळी कुठे लावायची ते दाखवलं आणि व्हॉल्व्ह उघडला. सगळी मिळून तीन मिनिटं. परत आला आणि हाक मारली, "नूर्‍या, पाणी आलं." उत्तर नाही. खाली बघितलं तर नूरुद्दीन कॉकपाशी बसला होता. पाठ भिंतीला, हातात फडकं, मान छातीवर. गुणवंतनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून फोरमननं त्याचा पट्टा धरून खेचलं. पिंपं ओढायच्या आकड्यानं त्यांनी नूरुद्दीनला वर काढलं. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरनं शेडमध्येच सांगितलं, खलास.

निनाद साहेब संध्याकाळी पोहोचला. टाकी, कॅन, खड्डा बघून तो ऑफिसात खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "वास जात नाही, गुणवंत. हा गॅस जास्त झाला की नाक मरतं. वास गेल्यासारखा वाटतो. मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही." पुढे तो वेगळ्या आवाजात बोलला. "आता ऐक. पोलिस विचारतील कुणी टाकलं. तुझं नाव आलं तर तू जेलमध्ये जाशील. कंपनीवर केस होईल, माझ्यावर होईल. तो गेला. त्याला आता काही होणार नाही. तुझी मुलगी दहावीला आहे ना?"

पोलिसांनी दुभाषा लावून हिंदीत विचारलं, "किसने डाला?"

गुणवंतनं एकच शब्द सांगितला. "नूरुद्दीनने."

कागदावर त्याची सही घेतली. अरबी आणि इंग्रजी होतं, त्याला वाचता आलं नाही. आत काय आहे ते मात्र त्याला माहीत होतं. परवानगीवाचून, कुणालाही न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर.

दफन रास अल खैमालाच झालं. शारजाहून जैनबचा नवरा आला, कॅम्पमधले सगळे मुसलमान गेले. गुणवंत कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभा राहिला. भिंत छातीपर्यंतच होती. त्यानं मोजून ठेवलं, फाटकापासून तिसरी रांग, डावीकडून सातवी. तिथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. डोक्याशी एक आणि पायाशी एक असे दोन दगड, आणि शेजारच्या दहा कबरींनाही तसेच दोन दगड.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो त्या भिंतीशी जायला लागला.

मरियमबीचा पहिला फोन दोन महिन्यांनी आला. गुणवंतनं तिला कधी पाहिलं नव्हतं. आवाज जाड, धीराचा.

"गुणवंता, कंपनीचा कागद आलाय. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलान. त्यात लिवलंय, नूरुद्दीनन कुणाला न विचारता टाकलान म्हणून. माझा पोर असा नव्हता रे. चप्पल घालताना विचारायचा, आई, ही घालू की ती. इथे लोक म्हणतात, पोरगा शहाणपणा करायला गेला नि मेला. तू तिथे होतास. खरं काय ता सांग."

"चाची, लाइन नीट नाही," गुणवंत म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं पुन्हा केला. ईदला केला, बकरी ईदला केला. दरवेळी तोच प्रश्न आणि दरवेळी त्याचं वेगळं काहीतरी. मी तेव्हा फाटकावर होतो. मला नीट माहीत नाही. साहेबांना विचारून सांगतो. ती कधी रागावली नाही. "बरं बाबा, विचारून सांग," म्हणायची. हे ऐकून ठेवलेला फोन गुणवंतला कढईपेक्षा जड वाटायचा.

सुट्टीत गावी गेला की तो खाडी ओलांडायचा नाही. नर्मदानं एकदा विचारलं, पलीकडे जाऊन त्या बाईला भेटून का येत नाही? तो म्हणाला, यंदा दिवस कमी आहेत. नर्मदानं पुन्हा विचारलं नाही. टाकी कंपनीनं काढून टाकली, खड्डा बुजवला, अँटिक ब्राउन बंद केला. निनाद साहेब वर्षभरात अबू धाबीला दुसऱ्या नोकरीवर गेला. गुणवंत कढईवर राहिला. रंग त्याच्या हाताला अजून यायचा, पण आता उतरवायच्या आधी तो बाजूच्या माणसाला विचारायचा, "झाला का?" नवीन लोकांना ती त्याची सवय वाटायची.

जानेवारी २००२ मध्ये जैनबचा निरोप आला. आई व्हिजिट व्हिसावर येते आहे. भावाची कबर बघायची म्हणते. इतक्या वर्षांनी कुठची ते फक्त तुम्हालाच सांगता येईल.

गुणवंतनं शनिवारची रजा टाकली. दहाला यायचे होते, तो साडेआठपासून फाटकाशी उभा होता. त्यानं चार वाक्यं ठरवली होती. ती त्याला पाच वर्षं पाठ होती, पण या वेळी ती म्हणायचीच असं ठरवून आला होता. जैनबच्या नवऱ्यानं गाडी भिंतीशी लावली आणि तो कब्रस्तानाच्या चौकीदाराशी बोलायला गेला. मागच्या सीटवर जैनबची सात वर्षांची मुलगी वही मांडीवर घेऊन बसली होती. जैनबपाठोपाठ मरियमबी उतरली. आवाजावरून तो धिप्पाड बाई समजून बसला होता. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"गुणवंत काय तू?"

"होय चाची."

"वाळलास की. नूरुद्दीन लिवायचा, मास्तर पैलवान हाय."

चौकीदारानं हात जोडून सांगितलं, बायकांना आत सोडता येत नाही. मरियमबीनं वाद घातला नाही. ती भिंतीशी आली, पण भिंत तिच्या डोळ्यांपर्यंत. गुणवंतनं बाजूचा एक सिमेंटचा ठोकळा ओढून आणला. ती त्यावर चढली.

"कुठची?"

"तिसरी रांग. डावीकडून सातवी. डोक्याकडचा दगड जरा कललाय."

तिनं ओठ हलवत मोजलं. मग हात उघडून दुवा मागितली. वाऱ्यानं तिचा पदर सारखा जात होता आणि जैनब मागून तो धरून उभी होती. बराच वेळ गेला. ठोकळ्यावरून उतरून ती त्यावरच बसली.

"तू दर महिन्याला येतोस असं जैनब म्हणते."

"होय."

"कशाला येतोस?"

गुणवंतनं भिंतीवर हात टेकला. "चाची, ते मी टाकलं. नूरुद्दीन म्हणाला होता, साहेबाला विचारूया. वास गेला, उतर, असं मीच सांगितलं. आणि पोलिसांना मी त्याचं नाव दिलं."

चार वाक्यं. कढईत पावडर घालायला याहून जास्त वेळ लागतो. जैनबच्या हातातून पदर सुटला. मरियमबी जागची हलली नाही.

"विचारूया म्हणालान?"

"होय. मी त्याला गप्प केलं."

"माझ्या पोरान विचारलान," ती म्हणाली. हे ती गुणवंतला सांगत नव्हती. मग तिनं मान वर केली. "काय टाकलंस?"

हा प्रश्न येणार हे गुणवंतला माहीत होतं. कबुलीची वाक्यं त्यानं पाठ केली होती. या एका उत्तरावर मात्र तो त्याहून जास्त रात्री जागला होता.

"ॲसिड."

"कसला?"

"कंपनीचं. टाकी धुवायला ठेवलेलं असायचं, निळ्या पिंपात."

"माझा आगळ नव्हता?"

"नाही."

"नूरुद्दीन लिवायचा, तुझ्या आगळानं इथे तांबं लाल करतात म्हणून. कागद आल्यापासून माझ्या मनात ताच हाय. पाच वर्षं मी झाडाखालचे रातांबे उचलले नाहीत, गुणवंता. कुजून जातात. लोक म्हणतात, बाई खुळी झाली. खरं सांग."

"आगळ दिवाळीतच संपला होता. कॅन रिकामे होते. त्यात मी पिण्याचं पाणी भरून ठेवायचो."

"तुझ्या पोरीचं नाव काय?"

"संजना."

"तिची शपथ घे."

संजना तेव्हा वीस वर्षांची होती. चिपळूणला कॉलेजात शिकत होती, आणि त्या मेमध्ये तिचं लग्न ठरलं होतं. गुणवंत शपथा मानणारा माणूस होता. नवस बोलताना शब्द मोजणारा. त्यानं मरियमबीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात ठोकळ्याची कड धरून होते, आणि नखांशी रक्त उरलं नव्हतं.

"संजनाची शपथ," तो म्हणाला. "आगळ नव्हता."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नंतर तिनं श्वास सोडला आणि कड सोडून हात मांडीवर घेतले.

"आता लिहून दे," ती म्हणाली.

"काय?"

"तू टाकलंस, त्यान विचारूया म्हटलान, तू ऐकलं नाहीस. खाली सही कर. एका कागदावर तू त्याचं नाव लिवलंस. आता दुसऱ्या कागदावर तुझं लिव."

जैनब गाडीतून मुलीची वही घेऊन आली. मुलगी मागून ओरडली, "मम्मी, दॅट्स माय मॅथ्स बुक." जैनबनं मधलं एक पान काढलं. चौकटींचा कागद होता. गुणवंतनं तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. बॉनेट तापलेलं होतं, हात टेकवत नव्हता, पण त्यानं कागद उचलला नाही. सात ओळी झाल्या. तारीख घातली, वार घातला, पुरं नाव, गाव, तालुका. मग सही. जैनबनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'ॲसिड' या शब्दाशी तिचा आवाज जरा थांबला. तिनं गुणवंतकडे बघितलं, आणि गुणवंतनं नजर खाली केली. ती पुढे वाचत गेली.

"गुणवंतभाई," वाचून झाल्यावर जैनब म्हणाली, "हा कागद पोलिसांकडे गेला तर?"

"जाऊ दे."

"पोलिस काय करायचेत मला," मरियमबी म्हणाली. तिनं कागदाची चौघडी केली आणि पदराच्या आत, चोळीत ठेवली. "मला माझ्या लोकांत वाचायचा हाय." ती उठली. गाडीच्या दाराशी जाऊन थांबली. "गुणवंता."

"चाची."

"इथे आता येऊ नको. तो एकटा राहील, पण तू येऊ नको."

"बरं."

गाडी निघून गेली. चौकीदारानं विचारलं, बसने जाणार का. गुणवंत म्हणाला, चालत जातो. कॅम्प अकरा किलोमीटर होता. तो चालत गेला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो कपडे धुवायला बसला आणि दिवसभर धूतच राहिला. बनियन, चादर, पडदा, शेजारच्या खाटेची चादर.

एप्रिलमध्ये कॅम्पच्या फोनवर जैनब होती.

"आई पोहोचली गावाला. जुम्म्याच्या नमाजानंतर कागद वाचून घेतलान सगळ्यांसमोर. दोनदा वाचायला लावलान."

"बरं झालं."

"लोक घरी आले. जे बोलायचे ते पण आले. नूरुद्दीनच्या नावानं फातेहा झाला, मोठा झाला." जैनबनं आवाज खाली आणला. "गुणवंतभाई, एक विचारू? माझा भाऊ कॅनमध्ये पाणी भरून ठेवू द्यायचा नाही कुणाला. खारट होतं म्हणायचा. मला माहीत आहे."

गुणवंतनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी आईला सांगितलेलं नाही," जैनब म्हणाली. "सांगणार पण नाही. पण तुम्ही कधी फोन करू नका. आईनं सांगितलंय, तुमचं नाव घरात घ्यायचं नाही. मी पण नाही घेणार."

"बरोबर आहे," गुणवंत म्हणाला.

तिनं फोन ठेवला. मागे चारजण रांगेत होते. त्यातला पहिला म्हणाला, "हबीबी, हो गया क्या?" गुणवंतनं रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी तो संजनाला लग्नात घालायचा सोन्याचा हार घ्यायला सोनाराकडे जाणार होता. तो गेला नाही. नर्मदाला निरोप पाठवला की हार तूच घे, माझ्या हातचा तिच्या गळ्यात नको. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.